आरसीत एक, पॉलिसीत दुसरं, रस्त्यावर तिसरं

समजा, मलकापूरहून खामगावकडे निघालेली एक पिकअप नांदुऱ्याच्या अलीकडे दुचाकीला धडकली. दुचाकीवाल्याचा पाय मोडला, पिकअपचं तोंड चेपलं. पिकअपचा ‘फुल इन्शुरन्स’ आहे, हप्ता वेळेवर भरलेला आहे, चालकाचं लायसन पक्कं आहे. तरी शेवटी घडतं ते असं : दुचाकीवाल्याच्या भरपाईचे पैसे विमा कंपनीला भरावे लागतात, पिकअपच्या दुरुस्तीचा क्लेम मात्र कंपनी नाकारते. वर दुचाकीवाल्याला दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करून द्या, अशी मागणी कोर्टात करते. कारण एकच. पिकअपच्या मागच्या बॉडीचे फाळके दोन फूट उंच करून घेतले होते, कमानीचे पाटे वाढवले होते आणि यातलं काहीही ना आरसीवर होतं ना पॉलिसीवर.

गाडी एक, अपघात एक, पॉलिसी एक आणि उत्तरं दोन. मालकाला वाटतं, कंपनीने फसवलं. कंपनीला वाटतं, मालकाने फसवलं. दोघांच्या मध्ये नेमकं काय बिनसलं ते कळायचं तर पॉलिसीच्या आत काय असतं ते आधी पाहावं लागेल.

एका कागदात दोन करार

‘इन्शुरन्स हाये ना भाऊ, मंग काय भेव?’ हे वाक्य बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही पानटपरीवर ऐकायला मिळतं. पण ज्याला आपण सरसकट इन्शुरन्स म्हणतो, त्यात दोन अगदी वेगवेगळे करार असतात.

पहिला थर्ड पार्टीचा. तुमच्या गाडीमुळे तिसऱ्या माणसाचा जीव गेला, तो जखमी झाला किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १४६नुसार हा विमा सक्तीचा आहे. त्याचा दरही कंपनी ठरवत नाही, सरकार जाहीर करतं. जून २०२२पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वरच्या इंजिनाला ७,८९७ रुपये असे टप्पे आहेत. मालवाहू गाडीत इंजिनाला नव्हे, एकूण वजनाला किंमत : ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला १६,०४९ रुपये. हे वजन म्हणजे गाडी, माल आणि माणसं मिळून आरसीवर लिहिलेली कमाल मर्यादा.

दुसरा करार तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’. हा ऐच्छिक आहे. त्याचा दर आणि अटी या तुमच्या आणि कंपनीच्या मधली गोष्ट. २००७पासून कंपन्यांना हे दर स्वतः ठरवायची मोकळीक आहे.

पहिल्या करारात कायद्याला रस्त्यावरच्या तिऱ्हाइताची काळजी आहे. दुसऱ्यात तुम्ही आणि कंपनी समोरासमोर असता. म्हणूनच एकाच अपघातात एक करार ‘हो’ म्हणतो आणि दुसरा ‘नाही’ म्हणू शकतो. जाता जाता आणखी एक : दुचाक्यांच्या बाबतीत कितीतरी जण निव्वळ थर्ड पार्टी काढतात आणि त्यालाच फुल इन्शुरन्स समजून बसतात. अशा पॉलिसीत आपल्या गाडीच्या पत्र्यासाठी एक रुपयाही मिळत नाही. बदल सांगितला होता की नाही हा प्रश्नच तिथे येत नाही.

कंपनी किंमत लावते ती वर्णनाची

खामगावच्या बाजारात कापसाची गाडी येते तेव्हा व्यापारी वरचा कापूस मुठीत घेतो, धागा ओढून बघतो, ओल बघतो आणि भाव बोलतो. सगळी गाडी उपसून कोणी बघत नाही. पुढे जिनिंगवर गाडी खाली होताना आत ओला कापूस निघाला, की वाद पेटतो. कधी भाव तुटतो, कधी सौदाच मोडतो. व्यापारी म्हणतो, मी दाखवलेल्या मालाचा भाव बोललो होतो.

विम्याचा सौदाही असाच दाखवलेल्या मालावर होतो. कंपनीने तुमची गाडी बहुधा पाहिलेलीही नसते. तिच्यापुढे असतो प्रस्ताव अर्ज : मॉडेल, सीसी, इंधन, बसण्याची क्षमता, कंपनीबाहेरून बसवलेल्या वस्तू आणि त्यांची किंमत, गाडी खासगी वापराची की भाड्याची. धोक्याचा अंदाज आणि हप्ता यांवरच ठरतो. जी माहिती कळली असती तर कंपनीने हप्ता वाढवला असता किंवा विमाच नाकारला असता, ती ‘महत्त्वाची माहिती’. ती विचारण्याची वाट न बघता सांगणं हे विमा घेणाऱ्याचं काम मानलं जातं, कारण गाडी त्याच्या अंगणात उभी असते.

मोठी गोम इथेच आहे. हा अर्ज बहुतेक वेळा मालक भरतच नाही. एजंट फोनवर नंबर विचारतो, मागच्या वर्षीची पॉलिसी समोर ठेवतो आणि बाकीच्या रकान्यांत ‘नाही’ भरून मोकळा होतो. मोबाइलवर नूतनीकरण करणाराही ‘पुढे जा’ दाबत सुटतो. पण कागदावर ती माहिती मालकाने दिली असंच धरलं जातं. एजंटला चहा पिताना सांगितलेली गोष्ट क्लेमच्या वेळी सिद्ध करता येत नाही. साधा ई-मेल किंवा पोच घेतलेलं पत्र असेल तर ती सिद्ध होते.

सगळेच बदल सारखे नसतात

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात जी वैशिष्ट्यं ठरवली आणि जी आरसीवर उतरली, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठाम शब्दांत लावलं : रंग बदलणं किंवा किरकोळ वस्तू बसवणं चालेल, पण गाडीच्या मूळ रचनेत बदल करून तिची नोंदणी टिकवता येणार नाही. पुढे त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

विम्याच्या नजरेने बदलांचे तीन थर पडतात. सीट कव्हर, मॅटिंग, म्युझिक सिस्टिम यांनी गाडीचा धोका फारसा वाढत नाही. प्रश्न फक्त त्या वस्तूच्या किमतीचा. दुसऱ्या थरात गॅस किट, इंजिन बदलणं, दिव्यांगांसाठी केलेले बदल येतात. हे कायद्याला चालतात, पण आरटीओच्या मंजुरीने आणि नोंदीने. तिसऱ्यात येतात फाळके वाढवणं, चेसिस लांबवणं, मूळ आसनांपेक्षा जास्त आसनं ठोकणं. यांना आरटीओ नोंदच देत नाही. म्हणजे कंपनीला सांगूनही हे बदल विम्यात बसत नाहीत, आणि हे लोकांना सहसा पटत नाही. ‘मी सांगितलं असतं तर झालं असतं ना?’ नाही. झालं नसतं.

लग्नाच्या वरातीत फिरणारी डीजेची गाडी याच थरातली. पिकअपवर स्पीकरच्या भिंती, जनरेटर, दोन्ही अंगांनी बाहेर आलेली लोखंडी चौकट. मोटार वाहन नियमांत गाडीच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. चौकट त्याच्या आत राहिली तरी मूळ बॉडीशी तिचा संबंध उरत नाही. आरसीवर ती ‘मालवाहू’ आणि रस्त्यावर चालतं-फिरतं स्टेज.

फाळके, पाटे आणि राजूर घाट

फाळका दोन फूट वाढवला तर बिघडलं काय, वजन तर तेवढंच भरतो, असं वाहनमालक सांगतात. कापूस, कडबा, कुटार या हलक्या मालात ते खरंही असतं. पण वजन तेवढंच राहून वर चढलं, की गाडीचं सगळं गणित बदलतं.

बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाटातलं एखादं वळण डोळ्यांसमोर आणा. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर जणू भरलेल्या गाडीच्या वजनमध्यावर लागतो आणि बाहेरच्या चाकांभोवती गाडी उलटवू बघतो. हा मध्य जमिनीपासून जितका उंच, तितका उलटवणारा जोर मोठा. आत धरून ठेवणारा जोर मात्र दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो आणि ते अंतर वाढलेलं नसतं. त्यामुळे ज्या वेगात मूळ गाडी वळण आरामात काढते, त्याच वेगात वाढवलेली गाडी आतल्या बाजूची चाकं उचलायला लागते. डिझाइन करणाऱ्याने हा हिशेब करूनच फाळक्याची उंची ठरवलेली असते.

पाट्यांचा खेळ आणखी आतला आहे. माल भरला की मागची कमान दबते आणि गाडी मागून बसते. काही पिकअपच्या मागच्या धुऱ्याजवळ एक छोटा वॉल्व्ह असतो, त्याला एका दांडीने कमानीशी जोडलेलं असतं. गाडी किती बसली ते या दांडीवरून त्याला कळतं : खूप बसली म्हणजे माल जास्त, मग मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडायचा, बसली नाही म्हणजे गाडी रिकामी, दाब कमी, नाहीतर मागची चाकं घसरतील. आता वेल्डिंगवाल्याने दोन पाटे जास्त घातले, की पूर्ण भरलेली गाडीही बसत नाही. वॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागच्या ब्रेकला हात आखडता घेतो. चालकाला वाटतं ब्रेक कमी लागतोय, मेकॅनिक पॅड बदलतो, आणि खरी कळ कमानीतच राहते.

अपघातानंतर नुकसान तपासायला आलेला सर्वेअर फाळका आणि पाटे बघून भुवया उंचावतो तो यामुळे.

दिवे, वायर आणि गॅस

लहान दिसणाऱ्या बदलांत दिव्यांचा नंबर पहिला. बाजारात ६० वॉटच्या जागी १०० वॉटचा बल्ब सहज मिळतो. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर करंट घेतो, १०० वॉटचा ८ पेक्षा थोडा जास्त. करंट पावणेदोन पटींच्या आत वाढला, पण वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. वायर मात्र मूळचीच. तिचं प्लास्टिक रोज थोडं कडक होत जातं आणि एके रात्री बॉनेटमधून धूर येतो. जळालेल्या गाडीचा पंचनामा होताना कापून जोडलेली वायर आणि त्यावरची काळी टेप सापडली, की ‘आग कशाने लागली’ या प्रश्नाचं उत्तर कंपनी तिथेच शोधते.

बुल गार्डची तऱ्हा वेगळी. पुढे जाड लोखंड ठोकलं की गाडी सुरक्षित, असा समज आहे. नव्या मोटारींचा पुढचा भाग मुद्दाम चेपण्यासाठी बनवलेला असतो. तो चेपताना धक्का गिळतो आणि एअरबॅग फुगवणारे सेन्सर त्या चेपण्यावर जागे होतात. बुल गार्ड धक्का गिळत नाही, सरळ चेसिसकडे पाठवतो. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना या गार्डवर कारवाई करायला सांगितलं, तेही कलम ५२च्याच आधारे.

गॅस किटचा विषय सगळ्यांत मोठा, कारण इथे बदल कायदेशीर असतो आणि तरीही क्लेम अडकतो. सीएनजीच्या टाकीत गॅसचा दाब सुमारे २०० बार असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन बार. म्हणून किट मान्यताप्राप्त हवं, अधिकृत केंद्रात बसवलेलं हवं आणि सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी व्हायला हवी. ओमनीत घरगुती सिलिंडरमधून गॅस भरणाऱ्यांविषयी काही बोलायची गरज नाही. तो गुन्हाच आहे, विम्याचा प्रश्न फार पुढचा.

आधी आरटीओ, मग कंपनी

बदलाचा प्रवास ठरलेल्या क्रमाने झाला तर फारसा त्रास होत नाही. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची किंवा फायनान्स कंपनीची लेखी संमती. मग किट बसवणाऱ्या केंद्राचं बिल आणि प्रमाणपत्र. बदल झाल्यापासून १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं. एमएच-२८ पासिंगच्या गाडीसाठी हे काम बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयाचं. आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजी उमटलं, की ती आरसी विमा कंपनीकडे पाठवायची आणि पॉलिसीवर एंडॉर्समेंट मागायची. एंडॉर्समेंट म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं, कंपनीने मान्य केलेलं पुरवणीपत्र.

खर्च किती? २००२च्या मोटार दरपत्रकात गॅस किटसाठी २५ क्रमांकाचं आणि बाहेरून बसवलेल्या विजेच्या वस्तूंसाठी २४ क्रमांकाचं एंडॉर्समेंट आहे. दोन्हींचा दर वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के. गॅस किटसाठी थर्ड पार्टीचे आणखी ६० रुपये. म्हणजे ५० हजारांच्या किटला वर्षाला सुमारे दोन हजार साठ रुपये आणि कर. आज कंपन्या आपापले दर लावतात, तरी अंदाज घ्यायला हा आकडा पुरतो.

काही बदलांनी हप्ता कमीही होतो, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेलं चोरीरोधक यंत्र बसवलं, तर त्याच दरपत्रकात ओन डॅमेजच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी बदललेल्या आणि तशी नोंद आरसीवर असलेल्या गाडीला ५० टक्के सूट आहे. मागे दोन जास्तीची चाकं लावलेल्या स्कूटर आपल्याकडे कितीतरी दिसतात. त्यांच्या बऱ्याच मालकांनी नोंदच केलेली नसते. म्हणजे हक्काची सूट सोडायची आणि वर क्लेमची जोखीम घ्यायची, असा दुहेरी तोटा ते सोसतात.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ट्रॉली हा ट्रॅक्टरचा भाग नाही. तिची नोंदणी वेगळी आणि विम्यातही तिचा उल्लेख आणि हप्ता वेगळा लागतो. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरने भाड्याने रेती-विटा वाहिल्या, तर गाडीत काहीही न बदलता वापर बदलतो, आणि विम्याच्या लेखी तोही बदलच.

सर्वेअर काय बघतो

५० हजारांच्या वरच्या मोटार नुकसानीला परवानाधारक सर्वेअर नेमावाच लागतो. तो कंपनीचा नोकर नसतो, स्वतंत्र व्यावसायिक असतो. विमा नियामकाच्या जून २०२४च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा.

तो आला, की आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. मग आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवून गाडीकडे एक नजर. पॉलिसी मध्ये खंडित झाली असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी काढलेले फोटो त्याच्याकडे असतात. त्या फोटोत नसलेला कॅरिअर आज टपावर असेल तर तो टिपला जातो. पण त्याचं खरं काम पुढचं असतं : नुकसान सांगितलेल्या हकिकतीशी जुळतं का, आणि बदललेला भाग अपघाताला कारण झाला का.

उभ्या पिकअपला मागून ट्रक येऊन धडकला, तर तिच्या उंच फाळक्याचा त्या अपघाताशी संबंध काय? काहीच नाही. तीच पिकअप बोथा घाटात वळणावर कलंडली, तर संबंध सरळ आहे. दोन्ही ठिकाणी नियमभंग एकच, क्लेमचं भवितव्य मात्र वेगळं.

पैशाचा हिशेब होतो तो आयडीव्हीवर. आयडीव्ही म्हणजे गाडीची पॉलिसीत धरलेली किंमत. तीन ते चार वर्षं जुन्या गाडीला ४० टक्के घसारा. आठ लाखांच्या मोटारीची आयडीव्ही मग चार लाख ऐंशी हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी टोटल लॉस. तुम्ही ५० हजारांचं किट आणि ३० हजारांची म्युझिक सिस्टिम बसवली असेल आणि सांगितली नसेल, तर त्या ८० हजारांची या हिशेबात जागाच नाही. सांगितली असेल तर घसारा वजा करून तीही जोडली जाते. दुचाकीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं : नुसती वस्तू चोरीला गेली आणि गाडी जागेवर राहिली, तर नेहमीच्या पॉलिसीत त्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत.

सगळं किंवा काहीच नाही, असं नसतं

नकाराचं पत्र आलं की लोक हात टेकतात. तिथे घाई होते, असं मला वाटतं. १९९६मध्ये बी. व्ही. नागराजू प्रकरणात मालवाहू ट्रकमध्ये ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं होती म्हणून कंपनीने क्लेम नाकारला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जास्त माणसं बसल्यामुळे अपघात झाला नाही. अटीचा भंग एवढा मुळावर घाव घालणारा नाही. २०१६च्या लखमीचंद प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की भंगामुळेच अपघात झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे.

मधला रस्ताही आहे. त्याला ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोड म्हणतात. २०१०च्या अमलेंदू साहू निकालात विमा कंपन्यांची स्वतःचीच मार्गदर्शक सूत्रं उद्धृत केलेली आहेत : क्षमतेपेक्षा जास्त माल भरला असेल किंवा वापराच्या मर्यादेसारखी अट मोडली असेल, तर मंजूर होऊ शकणाऱ्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यावं. खामगावच्या भाषेत भाव तुटतो, सौदा मोडत नाही. म्हणून ज्या बदलाचा अपघाताशी काडीचा संबंध नाही, त्यापायी कंपनी शून्य देत असेल तर ते मुकाट्याने मान्य करू नये. पण गॅस किटच्या गळतीने गाडी जळाली आणि किटची नोंदच कुठे नव्हती, अशा ठिकाणी या निकालांचा आधार फार पुरत नाही, हेही तितकंच खरं.

---

चौकट : कागद जुळवून बघा

* आरसीवरचं इंधन, आसनसंख्या, बॉडीचा प्रकार आणि रंग प्रत्यक्ष गाडीशी जुळतात का?
* पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीज’ आणि ‘सीएनजी/एलपीजी किट’ हे रकाने शून्य आहेत का? किट असून शून्य असेल तर आजच कळवा.
* कळवलेल्याचा लेखी पुरावा, किटचं बिल आणि दाबचाचणीचं प्रमाणपत्र गाडीत नव्हे, घरी ठेवा. गाडी जळाली तर कागदही जळतात.
* आरटीओ नोंद देत नाही असा बदल असेल तर तो काढून टाकणं हाच उपाय.
* अपघातानंतर दुरुस्तीआधी कंपनीला कळवा. गाडीचे फोटो चारही बाजूंनी काढा.

---

आणि तो जखमी माणूस?

आता सुरुवातीच्या दुचाकीवाल्याकडे येऊ. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. पिकअपचे पाटे किती होते हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही. कलम १५०मध्ये कंपनीला मोजकेच बचाव दिले आहेत. महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली, हा त्यांतलाच एक. पण तो बचाव सिद्ध झाला तरी न्यायालयं बऱ्याचदा जखमीला वाऱ्यावर सोडत नाहीत. कंपनीने आधी भरावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असा आदेश देतात. २००४च्या स्वर्णसिंग निकालाने ही वाट रुळली. चूक कुणाची हे सिद्ध न करताही कलम १६४खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची भरपाई मागता येते.

मालकाच्या दृष्टीने ‘भरा आणि वसूल करा’ हा आदेश सगळ्यांत जड. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च लाखाच्या घरात असतो. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई सहज कितीतरी पट होते. ती शेतावर, घरावर येऊ शकते.

गाडीच्या रचनेवर कायदा एवढा का अडून बसतो, याचं उत्तर या जिल्ह्याने पाहिलं आहे. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बस दाराच्या बाजूवर पडली होती. वाचले ते काच फोडून बाहेर पडले. त्या अपघाताची कारणं वेगळी होती. पण दार कुठे, आपत्कालीन वाट कुठे, दोन आसनांत जागा किती, हे ठरवणारे नियम अशा मिनिटांसाठी असतात. प्रवासी गाडीत एक जास्तीची रांग ठोकताना तीच वाट बुजते.

जुनी गाडी घेताना

वापरलेली गाडी घेणाऱ्याला दुसऱ्याने केलेले बदल वारशाने मिळतात. किट आधीच बसवलेलं, आरसीवर नोंद नाही, विकणारा म्हणतो, ‘चालते, कोणी विचारत नाही.’ नोंद नसलेलं किट घ्यायचंच असेल तर आधी नोंद करून मागा, मग पैसे द्या. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज द्यावा लागतो. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीसोबत येतं, ओन डॅमेजचं आपोआप येत नाही.

नाकारलं तर कुठे जायचं

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. बुलढाणा जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. दुसरा रस्ता बुलढाण्यातल्याच जिल्हा ग्राहक आयोगाचा, दोन वर्षांच्या आत. तक्रारीत एक मुद्दा ठळक लिहा : ज्या बदलासाठी क्लेम नाकारला, तो अपघाताला कसा कारणीभूत झाला हे कंपनीने दाखवावं. सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागून घ्या आणि नकाराचं पत्र त्याच्याशी ताडून पाहा. अहवालात नसलेलं कारण पत्रात घातलेलं असेल, तर तक्रारीची सुरुवात तिथूनच करा.